आधी शिक्षा, मग शिक्षण?

विद्यापीठ अनुदान आयोगाने वाङ्मयचौर्यास आळा घालण्यासाठी २०१८ च्या जुलै महिन्यात जे विनियम जारी केले, त्यांतील शिक्षेचा तक्ता उच्च शिक्षणाच्या क्षेत्रात एव्हाना सर्वांना तोंडपाठ झाला आहे. प्रबंधातील मजकुराचे अन्य लिखाणाशी असलेले साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल, तर शिक्षा नाही. ते १० ते ४० टक्के असेल, तर सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध सादर करावा लागतो; ४० ते ६० टक्के असेल, तर वर्षभर सुधारित प्रबंध सादर करण्यास मनाई होते; आणि ६० टक्क्यांच्या पुढे गेल्यास नोंदणीच रद्द होते. सलग चौदा शब्दांपर्यंतची सर्वसामान्य वा योगायोगाने जुळलेली शब्दयोजना, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश इत्यादी भाग या मोजणीतून वगळण्याची सोयही त्या विनियमांत आहे. हा तक्ता संशोधक विद्यार्थ्यांना माहीत आहे, मार्गदर्शकांना माहीत आहे आणि प्रबंधाचे टंकलेखन करून देणाऱ्या दुकानदारांनाही माहीत आहे. फारसे कोणाला माहीत नसते ते एवढेच, की याच विनियमांत शिक्षेच्या आधी शिक्षणाचे कलम आहे. प्रत्येक सत्रात या विषयावर जागृतीचे कार्यक्रम घ्यावेत आणि पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रमांत शैक्षणिक प्रामाणिकपणाची मूलतत्त्वे सक्तीचा भाग म्हणून समाविष्ट करावीत, असे त्यांत स्पष्टपणे म्हटले आहे. तक्त्याचा अंमल कसोशीने होतो. या कलमाचा अंमल बहुतेक ठिकाणी एखाद्या व्याख्यानावर, छायाचित्रावर आणि अहवालावर भागवला जातो.

ही तफावत किरकोळ नाही. ज्या विद्यार्थ्याची नोंदणी रद्द होऊ शकते, त्याच्या शिक्षणाचा मागोवा घेतला तर काय दिसते? पाठ्यपुस्तकातील वाक्य जसेच्या तसे उत्तरपत्रिकेत उतरवल्याबद्दल त्याला शालेय जीवनात सतत गुण मिळत आलेले असतात. शब्द बदलला तर गुण जातील, अशी धास्तीही त्याला घातली गेलेली असते. महाविद्यालयात आल्यावर प्राध्यापकांनी सांगितलेल्या टिपणांचे तेच होते. पदवीच्या वर्गात पर्यावरणावरचा वा अन्य विषयावरचा प्रकल्प लिहावा लागतो, तेव्हा मागील वर्षाच्या विद्यार्थ्याची वही उतरवून काढली तरी सही आणि शिक्का मिळतो. अशा रीतीने पंधरा-सोळा वर्षे उतरवून काढणे हाच ज्याचा गुण मानला गेला, त्याला प्रबंधाच्या उंबरठ्यावर एके दिवशी सांगण्यात येते, की ही चोरी आहे. चोरी ती आहेच. परंतु ती चोरी असल्याचे त्याला इतक्या उशिरा कळावे, याची जबाबदारी त्याच्या एकट्याच्या माथी मारता येणार नाही. ज्यांच्या घरी पुस्तकांची व लेखनाची परंपरा आहे, ते विद्यार्थी हा संकेत ऐकून वा पाहून उचलतात. ज्यांच्या घरात महाविद्यालयात जाणारी ही पहिलीच पिढी आहे, त्यांना तो वर्गात शिकवला नाही तर कोठेच मिळत नाही. शिक्षेचा तक्ता मात्र दोघांना सारखाच लागू होतो.

साम्य मोजणाऱ्या यंत्रणेवर ठेवलेला भरवसाही तपासून पाहण्यासारखा आहे. २०१९ च्या सप्टेंबरात 'शोधशुद्धी' या योजनेखाली देशातील विद्यापीठांना अशी संगणकीय यंत्रणा उपलब्ध करून देण्यात आली आणि ते आवश्यकच होते. परंतु यंत्र साम्य दाखवते. चौर्य ठरवणे हे माणसाचे काम आहे. शिवाय यंत्र तुलना करते ती आपल्या साठ्यात असलेल्या मजकुराशी. जे जुने मराठी पुस्तक संगणकात आलेच नाही, त्यातून पाने उतरवणाऱ्याचे साम्य शून्य टक्के भरेल. आणि ज्याने अवतरणचिन्हे देऊन, पृष्ठांक देऊन प्रामाणिकपणे उतारे घेतले, त्याची टक्केवारी गाळणी नीट न लावल्यास वाढलेली दिसेल. परिणाम असा झाला आहे, की संशोधकाचे लक्ष मजकूर कोठून आला याकडे न राहता टक्का कसा उतरेल याकडे लागते. शब्द उलटसुलट करून, कर्तरीचे कर्मणी करून, प्रतिशब्द घालून टक्का खाली आणता येतो. त्यामुळे चोरी थांबत नाही. ती फक्त ओळखू येईनाशी होते.

संदर्भ देणे ही पाश्चात्त्यांकडून आलेली एक कटकट आहे, असा समज विद्यार्थ्यांत, आणि क्वचित अध्यापकांतही, आढळतो. तो महाराष्ट्रात तरी टिकू नये. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला, तो अस्सल कागदावाचून इतिहास नाही या आग्रहापोटी. महामहोपाध्याय काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड १९३० ते १९६२ या काळात प्रसिद्ध झाले. त्यांतील तळटीपांत मूळ वचने ठिकाणासह दिलेली असल्याने काण्यांचे मत न पटणाऱ्यालाही त्यांच्याच ग्रंथातून आपल्या मताचा पुरावा शोधता येतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १,२५९ हस्तलिखिते तपासून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. ते काम १९६६ मध्ये पुरे झाले. त्या आवृत्तीत श्लोकाखाली पाठभेद दिलेले असतात आणि कोणता पाठ कोणत्या हस्तलिखितात आहे, हे वाचकाला पानावरच पाहता येते. मराठी विश्वकोशातील नोंदींखाली लेखकाचे नाव आणि संदर्भग्रंथ देण्याची शिस्तही याच परंपरेतील. तळटीप म्हणजे विद्वत्तेचा अलंकार नव्हे; लेखकाने वाचकाला आपली तपासणी करण्यासाठी दिलेले ते आमंत्रण आहे. ही परंपरा असलेल्या प्रांतात संदर्भ देणे हा केवळ शिक्षा टाळण्याचा उपाय म्हणून शिकवला जावा, हे खेदाचे आहे.

जेथे तो शिकवला जातो, तेथे कसा शिकवला जातो, हाही प्रश्न आहे. प्रचलित पद्धत अशी, की अध्यापक फळ्यावर एक नमुना लिहितात: आडनाव, स्वल्पविराम, नाव, वर्ष, शीर्षक, प्रकाशक. विद्यार्थी तो उतरवून घेतात. स्वल्पविराम कोठे आणि पूर्णविराम कोठे, यावर तास संपतो. वस्तुतः हे संकेत माणसांनी सोयीसाठी ठरवलेले आहेत. लेखकाचे नाव व वर्ष कंसात देण्याच्या पद्धतीचा आरंभ हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांच्या १८८१ मधील, एका जातीच्या गोगलगाईवरील शोधनिबंधात सापडतो, असे मानले जाते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञांची आज जगभर चालणारी पद्धत १९२९ मध्ये अवघ्या सात पानांच्या सूचनांतून सुरू झाली आणि २०१९ मध्ये तिच्या पुस्तिकेची सातवी आवृत्ती निघाली. संकेत बदलत राहतात. त्यांमागचे तत्त्व बदलत नाही. हे विधान कोणाचे, ते कोठे सापडेल आणि ते तसेच आहे काय, हे वाचकाला पडताळता आले पाहिजे, एवढेच ते तत्त्व आहे. हे तत्त्व फळ्यावरून उतरवून घेता येत नाही. पोहणे जसे काठावरच्या व्याख्यानाने येत नाही, तसे हेही करूनच येते. म्हणून वर्गातील कृतींचा विचार गंभीरपणे झाला पाहिजे. 'खेळ' या शब्दाने प्राध्यापकांनी बिचकण्याचे कारण नाही.

पहिली कृती अगदी साधी आहे. अध्यापकाने पाच-सहा ग्रंथांचे संदर्भ घ्यावेत आणि लेखक, शीर्षक, प्रकाशक, स्थळ, वर्ष, पृष्ठांक असे त्यांचे तुकडे निरनिराळ्या चिठ्ठ्यांवर लिहून वर्गात वाटावेत. ज्याच्या हाती जो तुकडा, त्याने आपले सोबती शोधून संदर्भ पुरा करावा. एका गटाच्या चिठ्ठ्यांत वर्ष मुद्दामच ठेवू नये, दुसऱ्याच्या चिठ्ठ्यांत पृष्ठांक. मग प्रत्येक गटाने ग्रंथालयात जाऊन ते पुस्तक आणि त्यातील ते वाक्य हुडकून आणावे. पृष्ठांक नसलेल्या गटाला एका वाक्यासाठी तीनशे पाने चाळावी लागली, की पृष्ठांक का द्यायचा, हे त्यांना पुन्हा सांगावे लागत नाही. एकेकाच्या हाती माहितीचा एकेक तुकडा देऊन सर्वांना परस्परांवर अवलंबून ठेवण्याचा हा मार्ग नवा नाही. एलियट ॲरनसन या मानसशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिनच्या शाळांत तो प्रथम वापरला. तेथे वंशभेदाने दुभंगलेली मुले एकत्र यावीत, हा हेतू होता. परंतु प्रत्येकाला काम आणि प्रत्येकाच्या कामाची इतरांना गरज, हे त्याचे मर्म येथेही उपयोगी पडते.

दुसरी कृती कोणत्या विधानाला संदर्भ हवा, हे ठरवण्याची. अध्यापकाने वाक्ये वाचावीत आणि विद्यार्थ्यांनी हात वर करून कौल द्यावा. 'महाराष्ट्र राज्याची स्थापना १ मे १९६० रोजी झाली' या वाक्याला संदर्भ नको. ते सर्वज्ञात आहे. परंतु संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील हुतात्म्यांची संख्या? ती १०५, १०६ आणि १०७ अशी निरनिराळ्या ठिकाणी छापलेली आढळते. जो आकडा प्रत्येकाला ठाऊक आहे असे वाटत होते, तोच वर्गातील तीन विद्यार्थी तीन प्रकारे सांगतात, तेव्हा 'सर्वज्ञात' या शब्दाची मर्यादा आपोआप उलगडते. हार्वर्ड येथील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक एरिक मेझर यांनी १९९१ पासून आपल्या वर्गात हीच रीत अवलंबली: आधी प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्यायचे, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा, मग पुन्हा कौल घ्यायचा. मोठ्या वर्गातही ती चालते, हे तिचे वैशिष्ट्य होय. त्यामुळे शंभर-सव्वाशे विद्यार्थ्यांचा वर्ग हे कारण येथे पुढे करता येत नाही.

तिसरी कृती स्वतःच्या शब्दांत लिहिण्याची. आणि खरी अडचण येथेच आहे. अमेरिकेत १६ महाविद्यालयांतील १७४ विद्यार्थ्यांच्या निबंधांची तपासणी 'सायटेशन प्रोजेक्ट' या संशोधनात झाली. विद्यार्थ्यांनी दिलेल्या संदर्भांपैकी जवळजवळ निम्मे मूळ साधनाच्या पहिल्याच पानावरचे होते आणि संपूर्ण साधनाचा सारांश दिल्याची उदाहरणे अत्यल्प होती. म्हणजे विद्यार्थी साधने वाचत नव्हते. त्यांतून वाक्ये वेचत होते. या संशोधनातील एक प्रमुख अभ्यासक रिबेका मूर हॉवर्ड यांनी त्याआधीच अशा लेखनाला एक नाव दिले होते. मराठीत त्याला गोधडीलेखन म्हणता येईल: कापड दुसऱ्याचे, शिवण तेवढी आपली. हॉवर्ड यांचे म्हणणे असे, की यात लबाडीपेक्षा मजकूर न समजल्याचा भाग अधिक असतो. त्यावरचा वर्गातला उपाय अल्पखर्ची आहे. एक परिच्छेद दहा मिनिटे वाचू द्यावा, कागद उलटा ठेवायला सांगावा आणि त्यातील विचार शेजाऱ्याला तोंडी सांगायला लावावा. नंतरच लेखणी उचलू द्यावी. लिहून झाल्यावर मूळ परिच्छेदाशी ताडून, जुळलेल्या शब्दांखाली विद्यार्थ्याने स्वतःच रेघ मारावी. ज्याला विचार तोंडाने सांगता आला नाही, त्याची गोधडी होते, हे त्याला इतर कोणी न सांगताच दिसते.

चौथी कृती कानगोष्टीच्या खेळासारखी. पहिल्या गटाला मूळ उतारा द्यावा. त्याने चार ओळींत त्याचा गोषवारा लिहावा. दुसऱ्या गटाने केवळ त्या गोषवाऱ्यावरून लिहावे, तिसऱ्याने दुसऱ्यावरून. शेवटी मूळ उतारा मोठ्याने वाचावा. मूळ ग्रंथ न पाहता दुसऱ्याच्या ग्रंथातून संदर्भ उचलला, तर काय होते, हे वर्गाला कळते. हा दोष केवळ विद्यार्थ्यांचा आहे, असेही नाही. कॅलिफोर्नियातील सिमकिन व रॉयचौधरी या दोघा अभ्यासकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात, १९७३ मधील एका गाजलेल्या भौतिकशास्त्रीय लेखाला इतरांनी दिलेले संदर्भ तपासले. १९६ ठिकाणी संदर्भात मुद्रणदोष होते. परंतु निरनिराळे दोष केवळ ४५ होते आणि एकच चूक ७८ वेळा जशीच्या तशी उतरली होती. एकाने केलेली चूक इतरांनी मूळ लेख न पाहता पुढे नेली, याखेरीज याचा दुसरा अर्थ लावणे कठीण आहे. मूळ लेख खरोखर वाचणारे पाचांत एखादेच असावेत, असा त्या दोघांचा अंदाज होता. पंडितांची ही स्थिती असेल, तर पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला दोष देण्यापूर्वी थोडे थांबणे बरे.

पाचव्या कृतीची गरज अलीकडे निर्माण झाली आहे. २०२२ च्या नोव्हेंबरअखेर चॅटजीपीटी हे संभाषण करणारे यंत्र लोकांसाठी खुले झाले आणि त्या जातीची यंत्रे विद्यार्थ्यांच्या हाती आली. ती संदर्भसूचीही तयार करून देतात. लेखकाचे नाव खरे वाटावे, नियतकालिकाचे नाव खरे असावे, वर्ष व पृष्ठांकही असावेत आणि असा लेख मात्र जगात कोठेही नसावा, हा प्रकार त्यांत घडतो. न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने २०२३ च्या जूनमध्ये अशाच यंत्राने रचलेले, अस्तित्वात नसलेले निवाडे दाखल करणाऱ्या दोघा वकिलांना व त्यांच्या संस्थेला मिळून ५,००० डॉलरचा दंड केला. वर्षानुवर्षे व्यवसाय केलेले वकील फसतात, तेथे विद्यार्थी फसला तर नवल नाही. यंत्रावर बंदी घालण्याच्या घोषणेने काही साधणार नाही. वर्गाला यंत्राने दिलेली दहा संदर्भांची यादी द्यावी आणि प्रत्येक नोंद ग्रंथालयात वा संगणकावर खरी आहे की बनावट, हे शोधून आणायला सांगावे. 'शोधगंगा' या भांडारात देशभरातील प्रबंध कोणालाही पाहता येतात. त्याचा असा उपयोग पदवीच्या वर्गातही व्हावयास हरकत नाही. संदर्भ म्हणजे ओळींची आकर्षक मांडणी नव्हे, त्यामागे खरी वस्तू असावी लागते, हे यातून ठसते.

या कृतींवर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला, वेळ कोठे आहे? अभ्यासक्रम पुरा होत नाही, जागा रिक्त आहेत, तासिका तत्त्वावरील अध्यापक एका महाविद्यालयातून दुसऱ्याकडे धावत आहेत. हा आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तर अध्यापकाने नव्हे, शासनाने द्यायचे आहे. तरीही वरील कृतींना लागतात ते चार-पाच तास, काही कागदाच्या चिठ्ठ्या आणि उघडे ग्रंथालय. आयोगाने २०१९ च्या अखेरीस संशोधक विद्यार्थ्यांसाठी संशोधन व प्रकाशननीतीचा दोन श्रेयांकांचा, तीस तासांचा अभ्यासक्रम सक्तीचा केला. त्या तीस तासांतील सहावा हिस्सा जरी पदवीच्या पहिल्या वर्षाकडे आधीच वळवता आला असता, तरी पुढचे पुष्कळ काम हलके झाले असते. चार वर्षांच्या पदवीत शेवटच्या वर्षी संशोधन करण्याची तरतूद नव्या शैक्षणिक धोरणाने केली आहे आणि महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून त्या रचनेची सुरुवात झाली. म्हणजे पूर्वी प्रबंधापर्यंत लांबणारा प्रश्न आता पदवीच्या वर्गातच येऊन ठेपणार आहे.

दुसरा आक्षेप मराठीतून लिहिणाऱ्यांचा आहे, आणि तो अधिक विचारार्ह आहे. इंग्रजी पुस्तिकांतील नियम मराठी ग्रंथांना नीट बसत नाहीत. कुसुमाग्रज की शिरवाडकर? ज्ञानेश्वरांना आडनाव कोणते लावायचे? शके आणि इसवी सन यांपैकी काय द्यायचे? तुकारामांच्या अभंगांचे क्रमांक गाथेच्या निरनिराळ्या आवृत्त्यांत निरनिराळे आहेत. मग नुसता क्रमांक देऊन वाचक अभंगापर्यंत पोहोचेल कसा? यांवर विभागागणिक आणि मार्गदर्शकागणिक निराळा निर्णय दिला जातो व विद्यार्थी मधल्या मध्ये भरडला जातो. राज्यातील विद्यापीठांनी एकत्र बसून मराठीसाठी एक छोटी, सर्वमान्य संदर्भपुस्तिका सिद्ध करणे हे काही अशक्य काम नाही; तीत संतवाङ्मय, बखरी, दप्तरे, टोपणनावे व जुनी नियतकालिके यांची सोय असावी. तोवर हे प्रश्नच वर्गात चर्चेसाठी ठेवता येतील. गाथेच्या दोन आवृत्त्या समोर ठेवून एकच अभंग शोधायला लावला, तर आवृत्तीचा उल्लेख का करायचा, हे मराठीच्या विद्यार्थ्याला कोणत्याही परदेशी पुस्तिकेपेक्षा अधिक चांगले कळेल.

आणखी एक गोष्ट अध्यापकांना स्वतःपासूनच करावी लागेल. जे टिपण वर्गात दिले जाते, त्याखाली ते कोणत्या ग्रंथावरून घेतले, हे लिहिण्याची प्रथा फार थोडे अध्यापक पाळतात. प्रकल्पाला गुण देताना मुखपृष्ठ व बांधणी पाहिली जाते, संदर्भसूची क्वचितच उघडली जाते. प्रकल्पाच्या गुणांपैकी काही गुण केवळ एवढ्यासाठी राखून ठेवावेत, की दिलेल्या संदर्भांपैकी कोणतेही दोन परीक्षकाने निवडले, तर विद्यार्थ्याला ते पान उघडून दाखवता आले पाहिजे. ही परीक्षा पाच मिनिटांत होते आणि तिला कोणतेही यंत्र लागत नाही.

वाङ्मयचौर्याला शिक्षा असू नये, असे कोणीही म्हणणार नाही. जाणूनबुजून दुसऱ्याचे श्रम आपल्या नावावर खपवणारा, मग तो विद्यार्थी असो की प्राध्यापक, दयेस पात्र नाही. परंतु जाणूनबुजून केलेली लबाडी आणि न शिकवल्यामुळे झालेली चूक यांतला फरक शिक्षण दिल्यावरच स्पष्ट होतो. त्याआधी दिलेली शिक्षा दोघांना एकाच मापाने मोजते. २०१८ च्या विनियमांनी शिक्षणाची जबाबदारी संस्थांवर टाकली आहे. ती पार न पाडता विद्यार्थ्याची नोंदणी रद्द करणाऱ्या संस्थेने, आपण पहिल्या वर्षी त्याला यातले काय शिकवले होते, याचा संदर्भ आधी द्यावा.